मंगलोरी कौलांखालचं मातीचं घर

नमस्कार श्रोतेहो.

ग्रामपंचायतीच्या फळ्यावर ग्रामसभेची नोटीस लागली की विषयपत्रिकेत एक ओळ हमखास दिसते, ‘घरकुल लाभार्थ्यांच्या यादीस मान्यता देणे’. सभेत ग्रामसेवक यादी वाचून दाखवतात. त्यांचं पदनाम आता ग्रामपंचायत अधिकारी असं झालंय, पण वाड्यावाड्यांत ते अजून भाऊसाहेबच आहेत. मागच्या खुर्च्यांवरून कुणीतरी ‘मंजूर, मंजूर’ म्हणतं आणि सभा पाण्याच्या टाकीकडे किंवा पाखाडीच्या, म्हणजे दगडी पायवाटेच्या, दुरुस्तीकडे वळते. वाद होतो तो नंतर, टपरीवर चहा घेताना. त्याचं नाव कसं लागलं, हिचं कसं राहिलं. माझं म्हणणं एवढंच, की हा वाद टपरीवर न होता सभेत व्हावा आणि तो इतिवृत्तात लिहिला जावा. कोकणात तर त्याची जास्तच गरज आहे, कारण घरकुलाचे नियम ज्या घराकडे बघून केलेत ते घर आपलं नाही.

आधी पैशांचं थोडक्यात सांगतो. २०१६ साली इंदिरा आवास योजनेच्या जागी प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण आली. सर्वसाधारण भागात घरामागे १ लाख २० हजार रुपये, डोंगराळ आणि दुर्गम भागात १ लाख ३० हजार. शिवाय रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी आणि शौचालयाचे १२ हजार. २०२५ मध्ये राज्य सरकारनं आणखी ५० हजारांची भर घातली, त्यातले ३५ हजार बांधकामाला आणि १५ हजार छपरावरच्या सौर विजेला. घर स्वयंपाकाच्या जागेसह किमान २५ चौरस मीटरचं हवं. अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी रमाई आवास, आदिवासींसाठी शबरी आवास, इतर मागासवर्गीयांसाठी मोदी आवास या राज्याच्या योजना आहेतच. पैसे थेट खात्यात जमा होतात. एवढ्या पैशात चिरेबंदी घर उभं राहतं का, हा प्रश्न तुमच्या मनात आलाच असेल. ज्या वाडीत ट्रक जात नाही आणि चिरा, म्हणजे जांभा दगड, डोक्यावरून पाखाडीनं न्यावा लागतो, तिथं तर तो फारच खरा आहे. पण आज मला त्याच्या आधीचं बोलायचंय. यादीत नाव येतंच कसं?

यादीचा पाया २०११ ची सामाजिक, आर्थिक आणि जात पाहणी. त्यात सुटलेल्यांसाठी २०१८ पासून ‘आवास प्लस’ सर्वेक्षण झालं, आणि अलीकडे ते मोबाइलवरच्या ॲपमधून पुन्हा झालं. बेघर असाल, किंवा कच्च्या भिंती आणि कच्चं छप्पर असलेल्या एक-दोन खोल्यांत राहत असाल, तर नाव घेतलं जातं. इथला ‘आणि’ महत्त्वाचा आहे. भिंतही कच्ची हवी आणि छप्परही.

आता आपल्याकडचं गरिबाचं घर डोळ्यांपुढे आणा. भिंत मातीची, जोता दगडमातीचा, आणि वर मंगलोरी कौलं. २०११ च्या पाहणीत कुंभारानं हातानं केलेलं कौल कच्च्या छपरात धरलं होतं आणि यंत्रावर केलेलं कौल पक्क्यात. मंगलोरी कौल म्हणजे यंत्राचं कौल. बासेल मिशननं १८६५ साली मंगळूरला कारखाना काढला आणि पुढे ती कौलं किनाऱ्यानं वर येत येत अगदी साध्या घरावरसुद्धा चढली. गवताचं छप्पर दरवर्षी शाकारायला माणूसबळ लागतं, आणि पोरगे मुंबईला गेल्यावर ते बळ कुठून आणायचं? म्हणून म्हातारीनं पै-पै साठवून कौलं घातली. खाली भिंत तीच, मातीची. पश्चिमेची झड लागली की ती फुगते, म्हणून आगोटीला, म्हणजे पावसाच्या तोंडावर, माडाच्या झावळ्यांचे झाप बांधून ती झाकायची. घुशी पायाखालून माती काढतात ते वेगळंच. पण छप्पर पक्कं, म्हणून घर कच्चं नाही.

पत्र्याचंही तसंच. सिमेंटचा असो वा लोखंडी, पत्रा पक्क्या छपरात मोडतो. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं आणि श्रीवर्धन, मुरूडपासून दापोली, मंडणगडपर्यंत घरांची छपरं उघडी पडली. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते किनारा घासून गेलं. पाऊस तोंडावर होता, मिळेल तो पत्रा वर टाकून माणसांनी डोकं झाकलं. ज्याचं घर वादळानं मोडलं त्याचं घर असं कागदावर पक्कं होऊन बसलं. यात कुणाचा दुष्टपणा नाही. सगळ्या देशासाठी एकच नियम करायला बसलं की असं होतं. पण मग हे बोलायचं कुणी? ॲप बोलणार नाही. ते घर ज्यांनी आतून पाहिलंय तेच बोलू शकतात, आणि ते सगळे एकत्र बसतात अशी कायद्यानं मानलेली जागा एकच आहे, ग्रामसभा.

ग्रामसभेच्या हातात काय असतं याबद्दल दोन्हीकडून गैरसमज आहेत. काहींना वाटतं, सरपंच म्हणेल त्याचं नाव लागतं. काहींना वाटतं, सगळं दिल्लीहून ठरून येतं, आपण फक्त सह्या करायच्या. खरं या दोन्हींच्या मधे आहे. ग्रामसभा मनानं नवं नाव थेट यादीत घुसवू शकत नाही. पण चुकीच्या माहितीवर लागलेलं नाव कारण देऊन काढायला सांगू शकते, दोन कुटुंबांची गरज सारखी दिसत असेल तर आधी कुणाला ते ठरवू शकते, आणि पात्र असूनही सुटलेल्या कुटुंबांची वेगळी यादी कारणांसह वर पाठवू शकते. ही तिसरी गोष्ट आपण वापरतच नाही. ‘मातीच्या भिंतीचं, राहण्यास धोकादायक घर, छप्पर मात्र मंगलोरी कौलांचं’ असं प्रत्येक कुटुंबापुढे लिहून दहा गावांनी ठराव पाठवले, तर पंचायत समितीला त्याची दखल घ्यावीच लागेल. टपरीवरच्या बोलण्याला जावक क्रमांक मिळत नाही.

गाऱ्हाणी वरपर्यंत पोचली की नियम बदलतात, याचं उदाहरण आपल्या किनाऱ्याचंच आहे. पूर्वी घरात दुचाकी असेल, फ्रीज असेल किंवा इंजिनाची मासेमारी होडी असेल, तर घरकुल मिळत नसे. विचार करा, खारवीवाडीतल्या किंवा कोळीवाड्यातल्या माणसाकडे होडी नसेल तर तो खाईल काय? बरं, ती होडी बहुतेक वेळा कर्जाची, इंजिन सोसायटीच्या किंवा व्यापाऱ्याच्या पैशाचं, आणि मासळी त्याच व्यापाऱ्याला द्यायची बोली. तरी कागदावर तो होडीमालक. २०२४ मध्ये ही अट गेली, दुचाकीची आणि फ्रीजचीही गेली, आणि महिन्याच्या उत्पन्नाची मर्यादा १० हजारांवरून १५ हजार झाली. म्हणजे त्या आधी होडीमुळे ज्यांची नावं गळली त्यांना आज पुन्हा दार उघडं आहे. आपल्या वाडीत अशी कोण कुटुंबं आहेत, ते पुढच्या सभेत एकदा विचाराच.

आता जागेचं. खरं तर सगळ्यात मोठी अडचण हीच. यादीत नाव आलं, मंजुरीपत्र हातात पडलं, आणि घर बांधायचं कुठे? कोकणातला सातबारा उघडला की नावंच नावं. पणजोबांची चार मुलं, त्यांची मुलं, त्यांतले कुणी मयत, वारस तपास झालेला नाही, कुणी बोरिवलीत, कुणी डोंबिवलीत, एकाचा तर पत्ताच ठाऊक नाही. पिढ्यान्‌पिढ्या वहिवाट तुमची, घरपट्टी तुम्ही भरता, पण जमीन सामायिक. सहहिस्सेदारांचं संमतीपत्र आणा म्हटलं की माणूस खचतो. मुंबईच्या फेऱ्या, प्रत्येकाची मनधरणी, आणि भावकीतली जुनी उणीदुणी त्या एका सहीपाशी वर येतात. एकीकडे गावात अर्ध्याहून जास्त घरांना कुलपं आणि दुसरीकडे गावात राहणाऱ्याला वीतभर जागा मिळत नाही, असं चित्र आपल्याकडच्या कितीतरी वाड्यांत दिसेल.

कातकरी या आदिवासी समाजाच्या वाड्यांची स्थिती याहून कठीण. वाडी दुसऱ्याच्या खासगी जमिनीवर, मालकाच्या मर्जीवर. २०२३ च्या नोव्हेंबरात अतिमागास आदिवासींसाठी केंद्राचं पीएम जनमन अभियान सुरू झालं, त्यात कातकरी कुटुंबाला घरासाठी २ लाख रुपये मिळतात. पण ज्या जमिनीवर झोपडी आहे ती त्यांची नाही, आणि भट्टीच्या कामासाठी अर्धं वर्ष ते बाहेरगावी. सभा भरते तेव्हा ते नसतात आणि ते परत येतात तेव्हा यादी होऊन गेलेली असते. कातकरीवाडीचा विषय असेल तर सभा त्यांच्या परतण्याच्या वेळी, म्हणजे पावसाच्या तोंडाला घ्यायला काय हरकत आहे? कायद्यानं वर्षाला किमान चार सभा घ्यायच्या आहेत, जास्त घेऊ नका असं कुठेही लिहिलेलं नाही.

समुद्राकाठच्या वाड्यांना तिसराच फास आहे. किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या तिसऱ्या प्रकारात, म्हणजे आपल्या बहुतेक किनारी गावांत, भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत नवं बांधकाम सहसा करता येत नाही. दाट वस्तीसाठी २०१९ च्या अधिसूचनेनं ही पट्टी ५० मीटरवर आणली, पण विरळ वस्तीच्या गावांत २०० मीटर कायम आहेत. जुन्या अधिकृत घराची त्याच जोत्यावर दुरुस्ती होऊ शकते. त्यामुळे घर जुनं आणि अधिकृत आहे याचा पुरावा, म्हणजे जुनी घरपट्टीची पावती, ग्रामपंचायतीच्या घरनोंदीचा नमुना आठचा उतारा, हे पेटीतून काढून नीट जपून ठेवा. मच्छीमाराचं घर तर दर्यापासून लांब नेऊन चालत नाही. जाळी कुठे ठेवायची, मासळी कुठे सुकवायची? २५ चौरस मीटरच्या नकाशात यांना जागा नाही, हेही सभेत बोलण्यासारखं आहे.

म्हणून मला वाटतं, ग्रामसभेनं लाभार्थ्यांच्या यादीआधी जागेचा विषय घ्यावा. गावात गावठाणाची, सरकारी जागा किती शिल्लक आहे? जागा विकत घ्यायला पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून मदत मिळते, सुरुवातीला ती ५० हजार होती, पुढे १ लाखापर्यंत वाढवली. ती आपल्या गावात किती जणांनी मागितली? ज्याचं सामायिक जमिनीमुळे अडलंय त्याच्यासाठी भावकीशी बोलायला गावकीचे, म्हणजे गावाच्या पारंपरिक बैठकीचे, चार जाणते उठतील का? देवळाच्या मानपानासाठी मुंबई मंडळाला, म्हणजे मुंबईकर गावकऱ्यांच्या मंडळाला, फोन जातात. एका संमतीसाठीही जाऊ शकतात.

आणि गावकीचं नाव निघालंच आहे, तर तेही बोलतो. आपल्याकडे सभा भरायच्या आधी वाडीची बैठक होते, आणि बरंच काही तिथंच ठरतं. ज्याची वाडी मोठी, त्याचा आवाज मोठा. बौद्धवाडी किंवा मोहल्ला गावाच्या टोकाला, आणि सभेची दवंडी तिथं पोचेपर्यंत सभा उरकलेली. सभेची गणपूर्ती १५ टक्के मतदार किंवा १०० मतदार, जे कमी असेल ते. म्हणजे एकाच वाडीतली शंभर माणसं आली तरी सभा कायदेशीर. बायकांची वेगळी सभा ग्रामसभेच्या आधी घ्यायची असते, ती कित्येक ठिकाणी रजिस्टरवर सह्या फिरवून ‘होते’. घरकुलाच्या बाबतीत हे फार नडतं. भिंत कुठे ओली होते, कुठल्या घरात एकटी बाई ताडपत्री लावून पावसाळा काढते, हे बायकांनाच पक्कं माहीत असतं. मुलाचं नाव मुंबईच्या रेशनकार्डावर आहे, पण तो आईला विचारत नाही, हेही त्यांनाच माहीत असतं.

मंजुरी मिळाल्यावर हप्त्यांचं वेळापत्रक आलं. जोता झाला की फोटो, भिंती छज्जापर्यंत आल्या की फोटो, त्यावर पुढचा हप्ता. कोकणात बांधकाम दिवाळीपासून मेअखेरपर्यंतच. पहिला हप्ता एप्रिलात आला तर जोता पावसात उघडा पडतो. म्हणून मंजुरीची कामं पावसाळ्यातच आटोपून घ्या. वाळूची सोयही आधी बघा, घरकुलाला ५ ब्रास वाळू मोफत देण्याचं राज्याचं धोरण आहे.

नाव चुकीनं वगळलं गेलं तर जिल्हा पातळीवरच्या अपील समितीकडे दाद मागता येते. तिथं तुमच्या बाजूनं उभं राहतं ते ग्रामसभेचं इतिवृत्त. ‘सभेत चर्चा झाली’ या तीन शब्दांना तिथं किंमत नाही. कुणी काय हरकत घेतली आणि सभेनं काय ठरवलं हे नावासकट लिहिलंय का, ते सभा संपायच्या आत वाचून घ्या आणि नंतर अर्ज करून प्रत मागा.

आणि ज्यांचं संमतीपत्रावर अडलंय त्यांना एक सांगतो. गणपतीला सगळे हिस्सेदार एकाच पडवीत बसलेले असतात. त्यांच्या परतीच्या गाड्यांची तिकिटं आधीच काढलेली असतात, त्यामुळे वेळ थोडाच मिळतो. कागद आधी तयार ठेवा, वारसांची नावं तपासून घ्या, आणि त्या दिवसांत तलाठी कार्यालय कोणत्या वारी उघडं आहे तेवढं आत्ताच विचारून ठेवा.

नमस्कार.