पोर्शे ९११ टर्बो: ९३० आणि ९९३

२९ ऑगस्ट १९७४. पोर्शे कंपनीचे संस्थापक फर्डिनांड पोर्शे यांच्या कन्या लुईझ पीएख सत्तर वर्षांच्या झाल्या. वाढदिवसाची भेट म्हणून त्यांना मिळाली एक चंदेरी ९११. आत लाल चामडं आणि चौकड्यांचं लोकरी कापड. मागच्या झाकणावर नाव ‘कॅरेरा’चं, म्हणजे टर्बो नसलेल्या ९११ चं, पण झाकणाखाली टर्बो इंजिन.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात ९११ टर्बो लोकांसमोर आली. ३ लिटरचं इंजिन, २६० अश्वशक्ती. कारखान्यातलं तिचं नाव ९३०. अमेरिकेतल्या कॅन-ॲम शर्यतींत पोर्शेच्या ९१७ या शर्यतीच्या गाडीने टर्बोच्या जोरावर मैदान मारलं होतं. तीच करामत आता नंबरप्लेट लावून रस्त्यावर आली.

टर्बोचं गणित सोपं आहे. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या झोताने एक चक्र फिरतं आणि ते इंजिनात जादा हवा कोंबतं. पण ९३० मध्ये हे काम एकाच मोठ्या टर्बोकडे होतं, आणि त्याला वेग घ्यायला वेळ लागायचा. वळणात शिरून ॲक्सिलरेटर दाबा, क्षणभर काहीच घडत नाही. आणि मग सगळी ताकद एकदम मागच्या चाकांवर येऊन आदळते. इथे दचकून पाय उचलला की संपलं! गाडीचा भार पुढे जातो, मागची चाकं हलकी पडतात आणि मागच्या टोकाला बसवलेलं जड इंजिन गाडीला गर्रकन फिरवतं. १९७८ च्या मॉडेलपासून इंजिन ३.३ लिटरचं झालं, टर्बोने कोंबलेली हवा थंड करणारा इंटरकूलर आला, ताकद ३०० अश्वशक्तीवर गेली. गिअर मात्र चारच राहिले. पाचवा मिळाला थेट १९८९ मध्ये, उत्पादनाच्या शेवटच्या वर्षी. त्या वर्षीच्या गाडीसाठी संग्राहक आजही जीव टाकतात.

आता ही दुसरी. १९९५ ची ९९३ टर्बो. ३.६ लिटर, ४०८ अश्वशक्ती, सहा गिअर. एका मोठ्या टर्बोच्या जागी दोन लहान, दोन्ही बाजूंच्या तीन-तीन सिलिंडरना एकेक. लहान चक्र चटकन फिरतं, त्यामुळे ताकदीची वाट बघत बसावं लागत नाही. शिवाय ती ताकद चारही चाकांत वाटली जाते. मागचं सस्पेन्शनही नव्याने घडवलेलं. जवळून बघायची तर चाकं बघा: वजन वाचवायला त्यांचे आरे आतून पोकळ ठेवलेत. इतका बारीक विचार करणारे इंजिनिअर होते ते.

पावसात, अनोळखी घाटात, रात्री गाडी हाती घ्यायची तर ९९३ च घ्यावी, यात मला शंका नाही. तरी तेवढ्यावरून ९३० ला कुणी ‘अर्धवट’ म्हटलं तर ते मला पटत नाही. तिच्याकडून वेग मिळवायला आधी तिचा स्वभाव ओळखावा लागतो, आणि जुन्या चालकांना तिचा लळा लागला तो त्यामुळेच.

दोघींच्या इंजिनाला थंडावा मिळतो तो हवेचा आणि तेलाचा, रेडिएटरमधल्या पाण्याचा नव्हे. पंख्याची ती कोरडी घरघर दोन्हींत ऐकू येते. १९९८ मध्ये ९९३ चं उत्पादन थांबलं. २००० मध्ये ९९६ टर्बो आली, ती पाण्यावर थंड होणारं इंजिन घेऊन.