खोल पाण्यावरचा पूल

(पडदा काळा. फक्त गाण्याचा आवाज.)

आधी नुसतं ऐका. मागे साथीदार एका लयीत ‘मेरी’ हा शब्द घोळवतायत, संथ, झुलत. आणि त्यावर अलगद तरंगणारा तो बारीक, उंच सूर... बाईचा वाटतो ना? तो क्लॉड जेटर यांचा आहे. साल 1959. गट, स्वान सिल्व्हरटोन्स.

(कोळशाच्या खाणीची जुनी छायाचित्रं.)

जेटर जन्मले 1914 मध्ये, अलाबामातल्या मॉन्टगोमेरीत. पोटासाठी पुढे वेस्ट व्हर्जिनियातल्या कोलवूडच्या कोळसा खाणीत आले. तिथेच 1938 साली, आपला भाऊ आणि दोन खाणकामगार यांना घेऊन त्यांनी गॉस्पेल क्वार्टेट, म्हणजे ख्रिस्ती भक्तिगीतं गाणारा चौघांचा गट, उभा केला. आठवडाभर खाणीत राबायचं आणि सुट्टीला गायला बाहेर पडायचं. कोळशाची धूळ ओढणाऱ्या त्या छातीत इतका निर्मळ सूर टिकला कसा, याचं मला आजही नवल वाटतं.

पुढे टेनेसीत, नॉक्सव्हिलच्या रेडिओवर त्यांना कार्यक्रम मिळाला. प्रायोजक होती स्वान नावाची बेकरी. पाववाल्यांचं नाव गटाला चिकटलं ते कायमचं.

(गटाचं छायाचित्र. कॅमेरा हळूहळू जेटर यांच्या चेहऱ्यावर.)

क्वार्टेटमध्ये माणसं पाच झाली, सहा झाली तरी चालतं. पट्ट्या मात्र चार लागतात. टिपेपासून खर्जापर्यंत. त्या काळी चर्चमध्ये भाव खाऊन जायचा तो घसा फोडून गाणारा गायक. सिल्व्हरटोन्सकडेही तसा एक होता, लुईस जॉन्सन. जॉन्सन गर्जत आणि जेटर त्याच गाण्यात फॉल्सेटो लावत, म्हणजे पुरुषी आवाजाची हद्द ओलांडून पलीकडचा पातळ सूर. एवढ्या गर्जनेशेजारी हळू गायला फार मोठा आत्मविश्वास लागतो. जेटर यांचं मोठेपण मला तिथे दिसतं.

आता पुन्हा त्या 1959 च्या गाण्याकडे. मूळ गाणं गुलामगिरीच्या काळातलं, बायबलमधल्या रडणाऱ्या मेरीची समजूत घालणारं. कीर्तनकार अभंग सांगता सांगता पदरची एखादी ओळ घालतो ना, तसं जेटर यांनी गाता गाता येशूच्या तोंडी एक ओळ घातली. माझ्या नावावर भरवसा ठेवशील, तर खोल पाण्यावर मी तुझा पूल होईन, अशा अर्थाची. आली आणि गेली. साथीदार थांबलेसुद्धा नाहीत.

(ओळ पुन्हा ऐकू येते.)

ती ओळ न्यूयॉर्कचे गायक-गीतकार पॉल सायमन यांच्या मनात रुतून बसली. 1970 मध्ये पुलाची उपमा असलेलं त्यांचं गाणं जगभर पोचलं. ही उपमा जेटर यांच्याकडून आली, हे सायमन यांनी उघडपणे सांगितलं.

तोवर जेटर गट सोडून धर्मोपदेशक झाले होते. 2009 च्या जानेवारीत, न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये, 94 व्या वर्षी ते गेले.

पण त्याआधीचं एक रेकॉर्डिंग ऐकायलाच हवं. 1973 मध्ये सायमन यांनी त्यांना आपल्या एका गाण्यात गायला बोलावलं. गाणं मध्यावर येतं, सायमन थांबतात, आणि साठीच्या उंबरठ्यावर असलेले रेव्हरंड जेटर सूर लावतात. तोच, बारीक, उंच...

(निवेदन थांबतं. गाणं सुरू राहतं.)