एका गुणाची किंमत

30 एप्रिल 2017. शिलाँग. आयझॉल एफसीला आज जिंकायची गरज नाही. सामना बरोबरीत सुटून एक गुण मिळाला, तरी आय-लीगचा, म्हणजे देशातल्या तेव्हाच्या वरच्या फुटबॉल लीगचा, चषक मिझोरामला जाणार आहे. पण नवव्याच मिनिटाला शिलाँग लाजाँगने गोल केलाय.

मैदानाबाहेर उभे आहेत आयझॉलचे प्रशिक्षक, खालिद जमील. एक गुण कसा मिळवायचा आणि मिळालेला कसा राखायचा, हे त्यांना कुणी शिकवायला नको. सात वर्षं त्यांनी तेच केलं होतं. आपल्या मुंबईत.

जन्म 1977चा, कुवेतमधला. लहानपणी आदर्श फ्रान्सचा मिशेल प्लातिनी. पुढे भारतात आले, मधल्या फळीत खेळले, देशाची जर्सीही घातली. महिंद्रा युनायटेड, एअर इंडिया, मुंबई एफसी... ज्या तीन क्लबांकडून ते खेळले, त्यातला एकही आज देशाच्या वरच्या लीगमध्ये नाही. मुंबईच्या फुटबॉलवर जीव असलेल्या माणसाला हे सहजासहजी बोलवत नाही.

दुखापतींनी खेळणं थांबवलं. 2009 साली, अवघ्या बत्तिशीत, ते मुंबई एफसीचे प्रशिक्षक झाले. समोर कोलकात्याचे आणि गोव्याचे मातब्बर क्लब, आणि इथे हात आखडता. चषकाचं स्वप्न पाहायचं कुठून? बचाव घट्ट ठेवायचा, एकेक गुण गाठीला बांधायचा आणि पुढच्या हंगामासाठी लीगमध्ये टिकायचं. सात हंगामांत मुंबई एफसी एकदाही खालच्या लीगमध्ये घसरली नाही. त्याबद्दल कुणी मिरवणूक काढत नाही. काढायला हवी होती.

2016मध्ये वाटा वेगळ्या झाल्या. जमील आयझॉलला गेले. हा क्लब आदल्या हंगामात घसरला होता. गोव्याचे क्लब लीगमधून बाहेर पडले, म्हणून त्याला पुन्हा जागा मिळाली. मुंबईत त्यांच्या हाताखाली खेळलेले जयेश राणे आणि आशुतोष मेहताही तिकडे गेले. गोलमध्ये गोव्याचा अल्बिनो गोम्स. 22 एप्रिलला घरच्या मैदानावर कोलकात्याच्या मोहन बागानविरुद्ध 83व्या मिनिटाला झोमिंगलियाना राल्तेने गोल केला, आणि सगळं शिलाँगच्या सामन्यावर येऊन ठेपलं.

67वं मिनिट. विल्यम लालनुनफेला. एक-एक!

आयझॉल 37 गुण, मोहन बागान 36. ईशान्य भारतातला पहिला राष्ट्रीय लीगविजेता क्लब. त्याच हंगामात, त्याच तक्त्यात, सर्वांत तळाला होती मुंबई एफसी. पुढे तो क्लबच बंद पडला.

नंतर ईस्ट बंगाल, मोहन बागान, नॉर्थईस्ट युनायटेड. 2021मध्ये इंडियन सुपर लीग या देशाच्या आताच्या वरच्या लीगमधले पहिले पूर्णवेळ भारतीय मुख्य प्रशिक्षक. मग जमशेदपूर. आणि ऑगस्ट 2025मध्ये भारतीय संघ. सावियो मेदेरांनंतर तेरा वर्षांनी या जागेवर भारतीय माणूस आला.

त्या ऑक्टोबरमध्ये आशियाई चषकाची पात्रता फेरी, सिंगापूरच्या मैदानावर. संदेश झिंगनला लाल कार्ड, संघात दहाच खेळाडू, एका गोलची पिछाडी. नव्वदाव्या मिनिटाला रहीम अलीने बरोबरी साधली. पुन्हा तोच, झगडून मिळवलेला एक गुण.

पाच दिवसांनी फातोर्ड्याला तोच सिंगापूर 2-1 असा जिंकला. गोव्याच्या प्रेक्षकांसमोर भारताची आशियाई चषकाची वाट तिथेच बंद झाली. सिंगापूरमध्ये मिळवलेला एक गुण पुरला नाही.

जमील यांच्या हाताखालच्या संघाला या वेळी जिंकणंच भाग होतं.