तर्रीवर आळ घेण्याआधी

श्रोतेहो, नमस्कार.

नागपुरात कुणाचं पोट बिघडलं की पहिला संशय तर्रीवर जातो, दुसरा सावजी रश्श्यावर. ज्यांना तिखटानं जळजळ होते त्यांनी हात आखडता घ्यावाच, त्यात वाद नाही. पण आपण काय खातो याची जेवढी चर्चा होते, तेवढी कधी खातो याची होत नाही. माझी तक्रार या वेळेबद्दल आहे.

आधी तर्री पोहे. रश्श्यातल्या चण्यांत चोथा असतो, प्रथिनं असतात. पोट जड होतं ते वर तरंगणाऱ्या लाल तेलानं, कारण स्निग्ध पदार्थ जठरातून सावकाश पुढे सरकतो. तेव्हा पोहेवाल्याला सांगा, "भाऊ, चणे खालून दे, तेल कमी टाक." तो तोंड वाकडं करेल, पण देईल.

आता रात्रीकडे या. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या वर गेला की दुपारी कोण बाहेर पडतं? गाव जागं होतं दिवस मावळल्यावर. बर्डीवर खरेदी, कुणाकडे तरी गप्पा, मग साडेदहा-अकराला पोटभर जेवण आणि लगेच कूलरसमोर आडवं! भरल्या पोटी आडवं झालं की जठरातलं आम्ल अन्ननलिकेत चढतं. सकाळी छातीत जळजळ, करपट ढेकर, आणि दोष मात्र मिरचीला. जेवण आणि झोप यांत दोन-तीन तास ठेवा. लग्नसराईत नाहीच जमलं, तर निदान उशिराच्या पंगतीत दुसऱ्यांदा वाढून घेऊ नका, आणि झोपताना डाव्या कुशीवर वळा. त्यानं आम्ल वर येणं कमी होतं.

उन्हाळ्यात पोट साफ न होण्याची तक्रारही वाढते. मोठं आतडं उरलेल्या अन्नातून पाणी शोषत असतं. घामावाटे गेलेलं पाणी भरून निघालं नाही, तर आतडं मलातलं पाणी आणखी ओढून घेतं आणि मल कडक होतो. म्हणून तहान लागायची वाट न बघता माठातलं पाणी थोडं थोडं पीत राहा. ताक, कैरीचं पन्हं, ज्वारीची आंबील, हे सगळं आपल्या घरात आहे. फ्रीजमधली गोड थंड बाटली हा त्याला पर्याय नाही.

चोथ्यासाठीही दूर जायला नको. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी. आणि संत्री! संत्र्याच्या गावात राहून आपण त्याचा गाळलेला रस पितो, याचं मला नवल वाटतं. फोडीवरचा पापुद्रा आणि पांढरे धागे यांतच बराचसा चोथा असतो. एक संत्रं सोलून, चावून खा.

आणखी एक, जे बोलायला आपण लाजतो. सकाळी उठल्यावर, काही खाल्लं-प्यायलं की मोठं आतडं आपोआप जोर धरतं. नेमक्या त्याच वेळी शाळेची व्हॅन दारात येऊन हॉर्न वाजवते. मूल "नंतर जाईन" म्हणतं आणि शाळेतलं संडास त्याला नको असतं. रोज असं दाबून ठेवलं की ती जाणीवच मंद होते आणि मग चूर्णांचे डबे घरात येतात. मुलांना पंधरा मिनिटं आधी उठवा. मोठ्यांनाही हे लागू आहे, फक्त त्यांना उठवणारं कुणी नसतं.

इसबगोल घेणाऱ्यांनी तो ग्लासभर पाण्यासोबतच घ्यावा. कोरडा घेतला तर घशात फुगून अडकू शकतो. ॲसिडिटीची गोळी महिनोन्‌महिने मनानं घेऊ नका. शौचात रक्त दिसलं, कारण नसताना वजन उतरलं किंवा घास गिळताना अडकायला लागला, तर ओवा चघळत बसू नका, त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. मल डांबरासारखा काळा झाला, रक्त जास्त जात असेल किंवा चक्कर येत असेल, तर त्याच दिवशी.

नमस्कार.