आला होता बँड ऐकायला

वर्णद्वेषाविरुद्ध मैदानात कॉन्सर्ट आहे, फुकट आहे, चार मित्र निघालेत, मग आपणही निघतो. खरं सांगा, त्यात निषेध किती आणि गाणी किती? बहुतेकांसाठी गाणीच जास्त. आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही.

३० एप्रिल १९७८, रविवार. बिली ब्रॅग हा वीस वर्षांचा मुलगा लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कात पोचला तो ‘द क्लॅश’ या पंक बँडला ऐकायला. पुढे तो स्वतः नावाजलेला गायक झाला, पण तेव्हा ऑफिसातला सगळ्यात ज्युनियर. तिथे काळ्यांवरून, बायकांवरून, समलिंगींवरून शेरेबाजी चालायची आणि हा मान खाली घालून बसायचा.

हा कार्यक्रम मुळात उभा राहिला तो संतापातून. ऑगस्ट १९७६ मध्ये बर्मिंगहॅमला एरिक क्लॅप्टन हा नामी रॉक गिटारवादक दारूच्या नशेत स्टेजवरून बरळला, की परदेशी लोकांनी इथून चालतं व्हावं. ज्याची सगळी कमाई काळ्यांच्या ब्लूज संगीतावर, ज्याने दोनच वर्षांपूर्वी जमैकाच्या बॉब मार्लीचं गाणं गाऊन हिट दिलं, तो हे बोलतोय! रेड सॉन्डर्स हा फोटोग्राफर आणि त्याचे मित्र भडकले, त्यांनी संगीताच्या साप्ताहिकांना खरमरीत पत्र धाडलं. त्यातून निघाली ‘रॉक अगेन्स्ट रेसिझम’ ही चळवळ. गोऱ्या पोरांचं पंक आणि काळ्यांचं रेगे एकाच स्टेजवर, हा त्यांचा हट्ट.

आता यांचं डोकं बघा. कॉन्सर्ट पूर्व लंडनमध्ये, पण जमायचं मध्य लंडनमधल्या ट्रॅफल्गार स्क्वेअरला! मध्ये आठ-दहा किलोमीटरची पायपीट. ट्रकवर बँड वाजतायत, कागदाच्या लगद्याची हिटलरची अवाढव्य मुंडकी डुलतायत, आणि वाट जाते ईस्ट एंडमधून, जिथे नॅशनल फ्रंट या वर्णद्वेषी पक्षाचा जोर. गाण्यासाठी आलेला माणूस पार्कात शिरेपर्यंत मोर्चेकरी झालेला! अंदाजे ८० हजार लोक होते.

टॉम रॉबिन्सन हा गायक समलिंगींच्या अभिमानाचं गाणं गायला लागला, तसे ब्रॅगच्या आजूबाजूचे पुरुष एकमेकांचे मुके घ्यायला लागले. हा चक्रावला. वर्णद्वेषाविरुद्धच्या कार्यक्रमात हे कशाला? मग त्याची ट्यूब पेटली: फॅसिस्टांना जो कोणी वेगळा, तो नकोच असतो. आपल्याला बदललं ते क्लॅशने नाही, त्या गर्दीने, असं तो आजही सांगतो. ऑफिसात परतला तो गप्प न बसायचं ठरवूनच.

आता दुसरी तारीख. ४ मे १९७८, म्हणजे कॉन्सर्टनंतर चौथा दिवस. त्याच पूर्व लंडनमध्ये, व्हाइटचॅपलला, कामावरून घरी निघालेल्या अल्ताब अली या बांगलादेशी शिवणकामगाराला भोसकून मारलं. ज्या बागेजवळ हे घडलं, तिला १९९८ पासून त्याचं नाव आहे. १४ मेला सुमारे ७ हजार लोक, बहुतेक बंगाली, पंतप्रधानांच्या दारापर्यंत चालत गेले. या वेळी ट्रकवर बँड नव्हता. पुढे शवपेटी होती.