पल्सरच्या ठोक्यातला दुसरा ठोका

श्रोतेहो, नमस्कार. पल्सर म्हणजे गरगर फिरणारा, मृत ताऱ्याचा अतिघन गाभा. त्याच्या दर फेऱ्याला, म्हणजे स्वतःभोवतीच्या दर गिरकीला, आपल्याकडे रेडिओ लहरींचा एक स्पंद येतो. म्हणून पल्सर म्हणजे आकाशातलं अचूक घड्याळ, हे आपण ऐकलेलं असतं. पण त्याच्या रेडिओ लहरींचा एकेक स्पंद सुटा करून पाहिला, तर कोणतेही दोन स्पंद सारखे नसतात. स्पंदाच्या आत छोटे उपस्पंद असतात आणि काही पल्सरमध्ये ते दर फेऱ्याला ठरावीक अंतराने सरकतात. 1968 साली ड्रेक आणि क्राफ्ट या खगोलशास्त्रज्ञांनी हे सरकणं प्रथम दाखवलं.

सिंह राशीतला बी 0943+10 हा पल्सर घेऊ. त्याचा एक फेरा 1.098 सेकंदांचा. सरकण्याचा ताल मोजायचा तर आधी वेगवेगळ्या वारंवारतांचा उशीर दुरुस्त करायचा, मग सलग 256 स्पंद एकाखाली एक मांडायचे. हे पावणेपाच मिनिटांपेक्षा थोडं कमी निरीक्षण झालं. स्पंदाच्या प्रत्येक बिंदूवरची चमक फेऱ्यागणिक कशी बदलते, त्याचा फूरिये वर्णपट, म्हणजे त्या बदलात कोणते ताल किती जोरकस आहेत याचा आलेख, काढायचा. त्यातलं शिखर म्हणजे एक ताल; त्याचा आकडा दर फेऱ्याला किती आवर्तनं होतात ते सांगतो. सगळे स्पंद आधीच एकत्र मिसळून सरासरी घेतली, तर हा ताल कायमचा पुसला जातो.

इथे एक चूक हमखास होते. स्थानिक व्यत्ययाने बिघडलेला स्पंद काढून टाकला की पुढचे सगळे एक घर मागे सरकतात आणि ताल तुटतो. तो काढू नये, त्याच्या जागी शून्य भरावं. विजेच्या तारांचे 50 हर्ट्झही फसवतात. या पल्सरच्या एका फेऱ्यात त्यांची 54.885 आवर्तनं बसतात, म्हणून वर्णपटात 0.115 च्या आसपास खोटं शिखर उभं राहतं. ओळखायचं कसं? स्पंद नसलेल्या भागाचाही वर्णपट काढा. शिखर तिथेही दिसलं, तर ते पल्सरचं नव्हे.

या पल्सरचं खरं शिखर 0.465 वर दिसतं. पण तेही फसवं आहे! भिंतीवरच्या घड्याळाकडे दर 32 मिनिटांनीच पाहिलं, तर मिनिटकाटा 32 मिनिटं पुढे गेला की 28 मिनिटं मागे आला, हे नुसतं पाहून सांगता येत नाही. पल्सरही आपल्याला फेऱ्यातून एकदाच दिसतो. बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेतले अविनाश देशपांडे आणि अमेरिकेतल्या व्हरमाँट विद्यापीठातल्या जोआना रँकिन यांनी अरेसिबो रेडिओ दुर्बिणीच्या 430 मेगाहर्ट्झवरच्या नोंदींमधून 1999 साली हा गुंता सोडवला. खरी वारंवारता 0.535 निघाली. शिखराच्या दोन्ही बाजूंना 0.0268 अंतरावर बारीक जोडशिखरं होती; हे अंतर म्हणजे दुसरा, संथ ताल. 0.535 ला 0.0268 ने भागा, उत्तर जवळजवळ नेमकं 20 येतं. म्हणजे चुंबकीय ध्रुवाभोवती उपस्पंद निर्माण करणाऱ्या 20 विद्युत ठिणग्यांचं रिंगण फिरतं आहे आणि त्या रिंगणाची एक फेरी पल्सरच्या सुमारे 37 फेऱ्यांत, म्हणजे 41 सेकंदांत पुरी होते. इतका सुबक पुरावा या विषयात फार क्वचित मिळतो.

मात्र हा ताल कायम टिकत नाही. पल्सर मधूनच दुसऱ्या अवस्थेत जातो, रेडिओत मंदावतो आणि रिंगण विस्कटतं. त्यामुळे निरीक्षणाचे तुकडे अवस्थेनुसार वेगळे करूनच वर्णपट काढावा लागतो. युरोपातली लोफार रेडिओ दुर्बीण, अवकाशातली एक्सएमएम-न्यूटन ही क्ष-किरण दुर्बीण आणि आपल्या नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण या तिघींनी या पल्सरवर एकाच वेळी नजर ठेवली. 2013 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: रेडिओ मंदावतो तेव्हा त्याचे क्ष-किरण दुपटीहून अधिक प्रखर होतात. ही अदलाबदल काही सेकंदांत होते. इतक्या कमी वेळात ताऱ्याभोवतीचं सगळं चुंबकीय आवरण कसं पालटतं, याचं समाधानकारक उत्तर अजून मिळालेलं नाही.