कुरकुरणारं पेडल

कान देऊन ऐका. ड्रमच्या ठोक्यांमागे एक बारीकसं 'कुई, कुई' येतंय. बिजागरीला बरेच दिवस तेल घातलेलं नसलं की दार वाजतं ना, तसं. हे 'लेड झेपेलिन' या ब्रिटिश रॉक बॅंडचा ड्रमर जॉन बॉनम याचं, पायानं वाजवायच्या मोठ्या बेस ड्रमचं पेडल. गाणं 'सिन्स आय हॅव बीन लव्हिंग यू', वर्ष १९७०. ते कुरकुरणं तबकडीवर गेलं ते गेलंच, आजही ऐकू येतं.

अल्बम, 'लेड झेपेलिन थ्री'. आधीच्या वर्षी, १९६९ मध्ये, या चौघांनी एका वर्षात दोन अल्बम काढले होते. दुसऱ्यातल्या 'होल लोटा लव्ह'नं तर भिंती हादरवल्या. दौऱ्यांवर दौरे झाले, माणसं पार थकली. मग गिटारवादक जिमी पेज आणि गायक रॉबर्ट प्लांट वेल्समधल्या डोंगरातल्या एका जुन्या घरात जाऊन राहिले. ब्रॉन-अर-आउर त्याचं नाव. प्लांट लहानपणी घरच्यांबरोबर तिथे सुट्टीला यायचा. घरात वीज नाही, नळ नाही. पाणी ओढ्याचं, ऊब चुलाण्याची. विजेवरची गिटार तिथे वाजणार कशी?

ऑक्टोबर १९७० मध्ये अल्बम आला. कव्हरच्या आत एक फिरती चकती. बोटानं फिरवली की भोकांमधून विमानं, फुलपाखरं, चेहरे डोकावतात. पहिलं गाणं 'इमिग्रंट साँग', आइसलंडच्या दौऱ्यातून सुचलेलं. अडीच मिनिटांची नुसती आरोळी. ऐकणाऱ्याला वाटलं, चला, आपली मंडळी परत आली! आणि पुढच्याच गाण्यात अकूस्टिक, म्हणजे विजेविना वाजणारी गिटार. दुसरी बाजू तर बरीचशी अंगणात बसून वाजवल्यासारखी. समीक्षक म्हणाले, हे आता क्रॉस्बी, स्टिल्स अँड नॅश या अकूस्टिक गिटारवर गाणाऱ्या त्रिकुटाची नक्कल करायला लागले. पेज भडकला, आणि त्याचं चुकलं असं मला वाटत नाही. पहिल्याच अल्बमवर 'ब्लॅक माउंटन साइड' होतं की! त्यात अकूस्टिक गिटारच्या साथीला विराम जसानींचा तबला आहे.

पण अल्बम एकसारखा नाही, हे मान्य करायला हवं. 'गॅलोज पोल' घ्या. फाशी देणाऱ्याला एक कैदी विनवतोय, जरा थांब, माझी माणसं येतायत. सुरुवातीला एकटी गिटार. मग मँडोलिन, मग बेस, मग बॅंजो, आणि अर्ध्यावर बॉनम घुसतो. लोकगीताच्या बऱ्याच जुन्या पाठांत कैदी सुटतो. इथे फाशी देणारा लाच घेतो, हसतो आणि लटकावतोच. गाणं असं बांधावं! आणि शेवटचं 'हॅट्स ऑफ टू रॉय हार्पर'? ते मी दर वेळी अर्ध्यावर बंद करतो.

आता त्या दुसऱ्या गाण्याकडे, 'फ्रेंड्स'कडे परत येऊ. गिटारच्या तारा वेगळ्याच सुरांत लावलेल्या, वर बॅंडचा बेसवादक जॉन पॉल जोन्स यानं बसवलेली व्हायोलिनं. सूर पूर्वेकडचा. तेच गाणं घेऊन पेज आणि प्लांट १९७२ मध्ये मुंबईत आले. इथल्या वादकांना बसवून, तबल्याच्या साथीनं, 'फ्रेंड्स' आणि त्यांचंच आणखी एक गाणं 'फोर स्टिक्स' पुन्हा रेकॉर्ड केली. बॅंडनं ती अधिकृतपणे बाहेर काढली थेट २०१५ मध्ये, 'कोडा' या त्यांच्या अल्बमच्या नव्या आवृत्तीत.

ऐका. तबला सुरू झालाय.